जोडणी-निर्देशांचे तात्पर्य : डेटाबेसमधील मूक दोषांची एक समीक्षा

१

डेटाबेसशी जोडणी करताना प्रोग्रामला जे चार-सहा निर्देश द्यावे लागतात, त्यांची तपासणी हा विषय सामान्यतः संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे सोपविला जातो. आणि त्यांच्याकडेही तो मुख्य पाठ्यक्रमात नसून परिशिष्टात असल्यासारखाच वागविला जातो. सर्व्हरचे नाव, पोर्टचा क्रमांक, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, डेटाबेसचे नाव, वर्णसंचाचे नाव, आणि संदेश कूटबद्ध करून पाठवावयाचा की उघडा याविषयीचा एखादा शब्द, एवढाच तो मजकूर. एका पोस्टकार्डावर सहज मावेल. त्यात समीक्षा करण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न अगदीच अनुचित म्हणता येणार नाही. तथापि भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहू जाता हा मजकूर म्हणजे एक लहानशी भाषाच होय. तिला शब्दसंग्रह आहे, व्याकरण आहे, अध्याहार आहेत, पर्यायशब्द आहेत. आणि कोणत्याही जित्या भाषेप्रमाणे तिच्यात असेही शब्द आहेत की ज्यांचा अर्थ बोलणारा एक समजतो आणि ऐकणारा दुसराच.

प्रश्न केवळ कुतूहलाचाही नाही. बोलींच्या मुलाखतींची लेखने, कोशाच्या नोंदी, मोडी कागदपत्रांची लिप्यंतरे ही सर्व सामग्री आज डेटाबेसमध्ये ठेवली जाते. ज्या वक्त्याची बोली टिपली तो पुन्हा भेटेलच असे नाही; ज्या रुमालातील कागद वाचला तो आणखी वीस वर्षांनी तितकाच वाचनीय राहील याची शाश्वती नाही. अशा सामग्रीवर जोडणीतील एका शब्दाने काय परिणाम होतो, हे ज्याची सामग्री त्याने जाणून घेतले पाहिजे. ते काम यंत्र सांभाळणाऱ्याचे आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही.

जोडणीतील चुकांचे दोन वर्ग स्पष्ट दिसतात. पासवर्ड चुकला तर सर्व्हर प्रवेश नाकारतो. पोर्ट चुकला तर तेथे उत्तर देणारे कोणी नसते आणि प्रोग्राम तसे सांगून थांबतो. हे बोलके दोष. त्यांचा त्रास होतो, पण अपाय होत नाही. दुसऱ्या वर्गातील चूक निराळी. तीत निर्देश स्वीकारला जातो, जोडणी जुळते, काम सुरू होते. मात्र जे चालले आहे ते सांगणाऱ्याच्या मनात होते त्याहून वेगळे असते. हे मूक दोष. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

२

वाक्यार्थबोध कसा होतो याविषयी आपल्याकडील नैयायिक व मीमांसक यांनी जी चर्चा केली तिचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो. आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी अशा तीन अटी त्यांनी सांगितल्या. पदांना एकमेकांची अपेक्षा असावी, त्यांचे अर्थ एकमेकांशी जुळणारे असावेत, आणि ती जवळजवळ उच्चारलेली असावीत. ‘अग्नीने शिंपतो’ हे त्यांचे सुप्रसिद्ध उदाहरण. त्यात व्याकरणाचा दोष नाही, परंतु अग्नीला शिंपण्याची योग्यता नाही, म्हणून त्यातून बोध होत नाही. पुढे काहींनी यांत तात्पर्य ही चौथी अट घातली. ‘सैंधव आण’ असे म्हटल्यावर मीठ आणावयाचे की घोडा, हे वक्त्याच्या इच्छेवरून ठरते. शब्दावरून ठरत नाही.

जोडणी-निर्देशांची तपासणी म्हणून आज जे रूढ आहे ते पहिल्या दोन अटींपलीकडे क्वचितच जाते. पोर्टचा निर्देश आहे काय? आहे. तो अंक आहे काय? आहे. तो १ ते ६५५३५ या मर्यादेत आहे काय? आहे. सर्व्हरचे नाव रिकामे नाही ना? नाही. एवढे झाले की तपासणी संपली असे समजले जाते. आकांक्षा पाहिली, योग्यताही थोडीफार पाहिली. तात्पर्य कोणीच पाहिले नाही. माझे म्हणणे असे की, मूक दोष जवळजवळ सर्वस्वी या चौथ्या ठिकाणी राहतात, आणि म्हणून निर्देशाचा मजकूर कितीही बारकाईने वाचला तरी ते सापडत नाहीत. सर्व्हरने त्या मजकुराचा काय अर्थ घेतला, हे त्यालाच विचारावे लागते.

यावर कोणी म्हणेल, की पुष्कळ प्रोग्राम जोडणी झाल्यावर सर्व्हरला प्रश्न विचारतातच. ‘सिलेक्ट १’ असा एक निरुपद्रवी प्रश्न पाठवून ‘१’ हे उत्तर आले की जोडणी ठीक आहे असे धरतात. मालिनोव्स्की याने १९२३ मध्ये ज्या निव्वळ संपर्कासाठी चालणाऱ्या बोलण्याकडे लक्ष वेधले, आणि याकोब्सन याने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ज्याला भाषेच्या सहा कार्यांत स्वतंत्र स्थान दिले, त्याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. दूरध्वनीवर आपण ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ म्हणतो, तसेच हे. पलीकडच्याने ‘हो’ म्हटले याचा अर्थ तार शाबूत आहे, एवढाच. पलीकडे आपल्याला हवा तोच गृहस्थ आहे, की चुकीच्या घरी दूरध्वनी लागला आहे, हे त्यावरून कळत नाही. चुकीच्या सर्व्हरवरील चुकीच्या डेटाबेसलाही एक म्हणजे एकच.

३

आता प्रत्यक्ष उदाहरणे पाहू. त्यांतले पहिले आपल्या विषयाला इतके जवळचे आहे की त्यावर थोडे अधिक रेंगाळावे लागेल.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाचा एक वर्णसंच २००४ च्या ४.१ या आवृत्तीपासून आहे. यूटीएफ-८ या प्रमाण संकेतपद्धतीत एका वर्णाला एक ते चार बाइट लागतात. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये निघालेल्या ३६२९ क्रमांकाच्या आरएफसीने ही मर्यादा निश्चित केली होती. मायएसक्यूएलचा ‘यूटीएफ८’ मात्र तीन बाइटांवरच थांबतो. नाव प्रमाण पद्धतीचे, व्याप्ती तिच्या एका भागाची. चार बाइटांचा खरा वर्णसंच त्यांनी २०१० मध्ये ५.५.३ या आवृत्तीत आणला आणि त्याला ‘यूटीएफ८एमबी४’ असे नवे नाव दिले. जुने नाव जुन्याच संकुचित अर्थाने चालू राहिले. २०१८ च्या ८.० या आवृत्तीतही ‘यूटीएफ८’ म्हणजे तीन बाइटांचाच संच. भाषेत अर्थसंकोच होतो, पण तो वापरणाऱ्यांच्या पिढ्यांमधून होतो. येथे तो जन्मतःच झालेला आहे आणि शब्दावर त्याची कोणतीही खूण नाही.

देवनागरीचे वर्ण युनिकोडच्या मूळ पटलात येतात. त्यांपैकी प्रत्येकाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, त्यामुळे मराठीचा नेहमीचा मजकूर या अपुऱ्या संचातही निर्वेध मावतो. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० या आवृत्तीत स्थान मिळाले, आणि ते मूळ पटलाबाहेर. मोडीच्या प्रत्येक वर्णाला चार बाइट लागतात. म्हणजे ज्या विभागाने आपल्या जोडणीत ‘यूटीएफ८’ असे लिहिले, त्याच्या हजारो देवनागरी नोंदी बिनबोभाट साठविल्या जातील आणि सर्वांना खात्री पटेल की मराठीची व्यवस्था झाली. पहिले मोडी अक्षर येईपर्यंत ही खात्री टिकेल. ते आल्यावर काय होते? जोडणी व स्तंभ दोन्ही ‘यूटीएफ८’ असतील आणि सर्व्हर कडक रीतीने चालविलेला नसेल, तर मजकूर त्या अक्षरापाशी तोडला जातो. केवळ ते अक्षर जात नाही; त्याच्यापुढील सर्व मजकूर जातो, मग तो शुद्ध देवनागरी का असेना.

एखाद्या कोशातील अशी नोंद डोळ्यांपुढे आणावी. प्रारंभी दोन वाक्यांत शब्दाचा अर्थ, मग तो मूळ कागदात कसा लिहिला आहे हे दाखविण्यासाठी एक मोडी अक्षर, आणि नंतर दहा ओळींत त्या वाचनाविषयीचा वाद. डेटाबेसमध्ये पहिली दोन वाक्ये उरतील. ती व्याकरणदृष्ट्या पूर्ण असतील. वाचणाऱ्याला वाटेल, नोंदकाराला एवढेच म्हणावयाचे होते. वादाच्या दहा ओळी कधी लिहिल्या गेल्या होत्या याचा पुरावासुद्धा राहणार नाही. कागद फाटला तर फाटल्याची कड दिसते. येथे कड दिसत नाही, आणि माझ्या मते हाच या दोषाचा सर्वांत घातक विशेष आहे.

सर्व्हर येथे अगदीच गप्प बसत नाही, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. तो एक इशारा नोंदवितो. परंतु तो इशारा मागितल्यावाचून दाखविला जात नाही, आणि तो मागण्याची तसदी प्रोग्राम सहसा घेत नाही. रिकाम्या खोलीत दिलेली साक्ष म्हणजे साक्ष नव्हे. २०१५ च्या ५.७ या आवृत्तीपासून कडक रीत हीच मूळची व्यवस्था झाली आणि अशा प्रसंगी इशाऱ्याऐवजी चूक दाखवून काम थांबविले जाऊ लागले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही ही रीत प्रत्येक जोडणीपुरती बदलता येते. एखाद्या जुन्या प्रोग्रामने जोडणी होताच ती शिथिल केली, की पुन्हा पूर्वीचाच प्रकार.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. समजा, तक्ता यूटीएफ-८ चा आहे. प्रोग्राम पाठवितो तोही मजकूर यूटीएफ-८ चाच. पण जोडणीच्या निर्देशात वर्णसंच सांगावयाचा राहिला आणि सर्व्हरने तो ‘लॅटिन१’ असा धरला. (८.० पूर्वी तोच या डेटाबेसचा मूळचा वर्णसंच होता, आणि त्याचा वर्णक्रम स्वीडिश होता. ज्या कंपनीने तो रचला ती स्वीडनची, हे त्याचे साधे कारण. आपली अनुक्रमणिका स्वीडिश नियमांनी का लागते या कोड्याचा उलगडा अनेकांना फार उशिरा होतो.) आता ‘क’ या अक्षराचे तीन बाइट सर्व्हरच्या लेखी तीन निराळी लॅटिन अक्षरे ठरतात. तो त्यांचे इमानेइतबारे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करतो आणि तीन बाइटांच्या जागी सात बाइट साठवितो. वाचताना, त्याच जोडणीने, नेमके उलट रूपांतर होते आणि पडद्यावर पुन्हा ‘क’ उमटतो. दोन चुकांनी एकमेकींना झाकले.

लिहून पाहिले आणि वाचून पाहिले, हीच तपासणी पुरेशी मानणाऱ्यांनी या ठिकाणी थांबून विचार करावा. वाचलेले लिहिल्याबरहुकूम आले, तरी साठविलेले चुकीचे आहे. त्या तक्त्यात ‘कमळ’ या शब्दाची लांबी तीनऐवजी नऊ भरते. वर्णक्रम लावल्यास तो मराठीचा लागत नाही. आणि दुसऱ्या, नीट सांगितलेल्या जोडणीने ‘कमळ’ शोधू गेल्यास तो सापडत नाही. पुढे कोणी जाणता मनुष्य येऊन जोडणीचा निर्देश दुरुस्त करतो, तेव्हा जुन्या सर्व नोंदी स्वरचिन्हांकित लॅटिन अक्षरांच्या रांगा होऊन प्रकट होतात आणि दोष त्या बिचाऱ्या दुरुस्ती करणाऱ्याच्या माथी येतो. त्या दिवसानंतर नव्या नोंदी शुद्ध आणि जुन्या अशुद्ध, असा एकाच तक्त्यात दोन संकेतांचा मिश्र संग्रह तयार होतो. तो निवडून वेगळा करणे हे पाठचिकित्सेइतकेच किचकट काम आहे.

४

वर्णसंचाबाहेर गेल्यावरही हेच दिसते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या जोडणीत ‘एसएसएलमोड’ नावाचा निर्देश असतो. त्याची सहा मूल्ये आहेत. काहीच न सांगितल्यास ‘प्रेफर’ हे मूल्य गृहीत धरले जाते. शब्दाचा अर्थ प्राधान्य देणे. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की कूटबद्ध जोडणी जमली तर करावी, न जमल्यास उघड्या जोडणीवर समाधान मानावे, आणि यांपैकी काय घडले ते आपण होऊन सांगू नये. सुरक्षिततेच्या दृष्टीने या मूल्याला अर्थ नाही आणि केवळ जुन्या व्यवस्थेशी मेळ राहावा म्हणून ते ठेवले आहे, असे त्यांच्या स्वतःच्या दस्तऐवजातच नमूद आहे. प्रामाणिकपणाबद्दल त्यांचे कौतुक करावे. पण जो दस्तऐवज वाचतो त्याला हा दोष बाधत नाही, आणि ज्याला बाधतो तो दस्तऐवज वाचत नाही. मायएसक्यूएलमध्ये याच जातीचा प्रकार २०१५ मध्ये गाजला. तेथील जुन्या क्लायंटमध्ये कूटबद्धतेचा पर्याय स्पष्टपणे मागितला तरी तो आज्ञा म्हणून न घेता इच्छा म्हणून घेतला जाई. आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांतील भेद शाळेतील मुलासही ठाऊक असतो. ‘करावे’ आणि ‘कर’ यांची अशी अदलाबदल व्याकरणाच्या वहीत खपली नसती.

मायएसक्यूएलमधील ‘लोकलहोस्ट’ हा शब्दही असाच. वाचणाऱ्याला वाटते, हे याच यंत्राचे नाव. युनिक्स जातीच्या यंत्रांवर मायएसक्यूएलचे क्लायंट मात्र त्याचा अर्थ ‘जाळ्यातून जाऊच नकोस, स्थानिक सॉकेट वापर’ असा घेतात, आणि तसा घेतल्यावर शेजारी लिहिलेल्या पोर्टच्या क्रमांकाला काही कामच उरत नाही. एकाच यंत्रावर दोन सर्व्हर चालत असतील, ३३०६ वर खरा आणि ३३०७ वर सरावाचा, तर ‘लोकलहोस्ट, ३३०७’ असे लिहिणारा विद्यार्थी सरावाच्या समजुतीने खऱ्या सर्व्हरवर जाऊ शकतो. ‘१२७.०.०.१’ लिहिले असते तर तो सरावाच्याच सर्व्हरवर गेला असता. लोक या दोघांना पर्यायशब्द समजतात. पर्यायशब्द हे कधीच पूर्णांशाने पर्यायी नसतात, हे आपण अर्थविज्ञानाच्या पहिल्याच तासाला शिकवितो.

एसक्यूलाइटचे वर्तन आणखी उदार. ज्या नावाची फाइल उघडण्यास सांगावी ती नसेल, तर तो साधारणतः त्या नावाची नवी, रिकामी फाइल निर्माण करतो. नावातील एक वेलांटी चुकली की जुना संग्रह जागच्या जागी राहतो आणि आपण कोऱ्या संग्रहात लिहू लागतो. त्यात तक्तेही प्रोग्रामच निर्माण करीत असेल, तर कोठेही अडत नाही. तक्त्यांमधील परस्परसंबंधांचे बंधन पाळण्याची सोय या डेटाबेसमध्ये २००९ पासून आहे, परंतु ती मुळात बंद असते आणि प्रत्येक जोडणीत ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज’ या निर्देशाने चालू करावी लागते. या निर्देशातला शेवटचा ‘ज्’ गळला तर? एसक्यूलाइटचा नियम असा, की अनोळखी प्रॅग्मा दिसल्यास चूक दाखवावयाची नाही. तो सोडून द्यावयाचा. म्हणजे बंधन चालू झाले अशा समजुतीने वर्षभर काम चालते, आणि ज्या वक्त्याची नोंदच नाही त्याच्या नावावर मुलाखती जमत राहतात. नवी फाइल निर्माण होऊ नये म्हणून फाइलच्या पत्त्यात ‘मोड’ नावाचा घटक जोडण्याची सोय आहे. त्या घटकाचे मूल्य चुकले तर डेटाबेस तक्रार करतो. घटकाचे नावच चुकले तर मात्र तो अनोळखी घटक म्हणून दुर्लक्षिला जातो. रखवालदाराचे नाव चुकले म्हणून दार उघडे राहावे, असा हा प्रकार आहे.

याच्या उलट उदाहरण देणे न्याय्य होईल. पोस्टग्रेएसक्यूएलच्या मूळ ग्रंथालयाला जोडणीत अनोळखी नाव दिसले तर ते तेथेच थांबते आणि कोणते नाव कळले नाही तेही सांगते. मात्र जे नाव लिहिलेच नाही त्याबाबत तेच ग्रंथालय फार समजूतदार होते. सर्व्हरचे नाव नसले किंवा रिकामे असले तर स्थानिक सॉकेट. वापरकर्ता नसला तर यंत्रावर ज्याच्या नावे काम चालले आहे तो. डेटाबेसचे नाव नसले तर वापरकर्त्याचेच नाव. शिवाय यांपैकी काही परिसरातील चलांमधूनही उचलले जाते. मीमांसकांनी अध्याहाराला मर्यादा घातल्या होत्या. वाक्य पुरे होण्यास जेवढे आवश्यक तेवढेच बाहेरून आणावे, आणि तेही प्रकरणास धरून. येथील अध्याहार वाक्य पुरे करतो खरा, पण प्रकरण कोणाचे आहे ते विचारीत नाही.

५

ही उदारता आली कोठून? तिचे मूळ पुष्कळ अंशी एका जुन्या, आणि आपल्या जागी योग्य असलेल्या, सूत्रात आहे. जॉन पोस्टेल याने १९८० मध्ये इंटरनेटच्या संदेशव्यवहाराचे नियम लिहिताना असे सांगितले, की आपण पाठवावयाचे ते काटेकोर असावे आणि दुसऱ्याकडून आलेले घेताना मन मोठे ठेवावे. निरनिराळ्या संस्थांनी स्वतंत्रपणे लिहिलेले प्रोग्राम एकमेकांशी बोलू लागावेत यासाठी त्या काळी हे धोरण फलदायी ठरले. पुढे त्याचे तोटेही दिसले. जे चुकीचे आहे ते सर्वांनी चालवून घेतले की तेच हळूहळू रूढ होते, ही गोष्ट २०२३ मध्ये निघालेल्या ९४१३ क्रमांकाच्या आरएफसीत सविस्तर मांडली आहे. भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये.

परंतु माझा आक्षेप याहून वेगळा आहे. मनुष्य ऐकताना उदार राहू शकतो, कारण संशय आल्यास तो विचारतो. ‘कोणाकडे म्हणालात?’ हा प्रश्न आपण दिवसातून दहादा करतो, आणि आपल्या समजूतदारपणाचा निम्मा भार तोच प्रश्न वाहतो. प्रोग्रामजवळ समजूतदारपणा दिला आणि प्रश्न काढून घेतला. राहिले ते केवळ अनुमान. शिवाय दोन अपरिचितांच्या संभाषणासाठी केलेला नियम मालकाने आपल्याच यंत्राला दिलेल्या आज्ञेस लावण्यात आला. परक्याचे बोलणे सांभाळून घ्यावे, हा शिष्टाचार आहे. पण कारकुनाने साहेबांची न कळलेली आज्ञा सोडून द्यावी आणि ‘झाले’ म्हणून कळवावे, याला आपल्या कचेऱ्यांतही कोणी शिष्टाचार म्हणत नाही.

दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर फार काळ एकच दिले गेले: वापरणाऱ्याचा. २०१३ च्या ‘सॉस्प’ परिषदेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी एक निबंध सादर केला. चुकीच्या निर्देशांबद्दल वापरणाऱ्याला बोल लावू नका, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. निर्देशांवरील बंधने प्रोग्रामच्या मूळ लेखनातच दडलेली असतात, ती तेथून शोधून काढता येतात, आणि ती मोडल्यास प्रोग्रामने नीट बोलावे ही त्याच्या रचनाकाराची जबाबदारी आहे, असा त्याचा रोख. हे प्रतिपादन मला मान्य आहे, पण संपूर्ण नाही. बंधन मोडले आहे की नाही हे मूळ लेखनावरून कळेल. सांगणाऱ्याला सरावाचा डेटाबेस हवा होता की खरा, हे कोणत्याही लेखनात दडलेले नसते. ते सांगणाऱ्यालाच कोठेतरी दुसऱ्यांदा, निराळ्या शब्दांत, लिहून ठेवावे लागते.

६

तेव्हा तपासणी कशी असावी? पहिली गोष्ट शब्दसंग्रह बंद करण्याची. जोडणीचे निर्देश डेटाबेसकडे जाण्यापूर्वी आपल्याच प्रोग्रामने वाचावेत, आणि ठरलेल्या नावांच्या यादीत नसलेले एकही नाव दिसले तर काम सुरूच करू नये. यादी लहान असते. त्यामुळे हे काम एका दुपारचे आहे. यातच दुसरी गोष्ट येते. सर्व्हर, डेटाबेस, वर्णसंच आणि कूटबद्धता या चार बाबतींत गृहीत मूल्य नसावे. ज्याला स्थानिक सर्व्हर हवा आहे त्याने तसे लिहावे. रिकामी जागा म्हणजे संमती नव्हे.

परंतु खरे काम जोडणी जुळल्यानंतरचे. सर्व्हरला ‘ऐकू येते काय’ असे न विचारता ‘काय समजलास’ असे विचारावे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आपण कोणत्या डेटाबेसमध्ये आहोत हे एका प्रश्नाने कळते, आणि चालू जोडणी कूटबद्ध आहे की नाही हे ‘पीजी_स्टॅट_एसएसएल’ या दर्शिकेत दिसते. मायएसक्यूएलमध्ये पाठविणारा, जोडणी आणि उत्तर या तिघांचे वर्णसंच वेगवेगळे विचारता येतात. ते तिन्ही पाहावेत, कारण एकच पाहणाऱ्याला वर सांगितलेली दुहेरी चूक कळणार नाही. कडक रीत चालू आहे काय, हेही त्याच वेळी विचारावे. एसक्यूलाइटला ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज’ हाच निर्देश मूल्याशिवाय दिला तर तो चालू असल्यास १ सांगतो, बंद असल्यास ०. आणि नाव चुकलेले असेल तर काहीच सांगत नाही. या तिसऱ्या शक्यतेकडे, म्हणजे उत्तराच्या अभावाकडे, तपासणाऱ्याने चूक म्हणूनच पाहिले पाहिजे. पुष्कळ प्रोग्राम ‘० नाही’ एवढे पाहून पुढे जातात.

डेटाबेसची ओळखही त्याच्याच तोंडून घ्यावी. तक्त्यात एक ओळ अशी ठेवावी की जीत हा संग्रह कोणता, खरा की सरावाचा, हे लिहिलेले असेल. आणि प्रोग्रामजवळ त्याची अपेक्षा स्वतंत्रपणे नोंदलेली असावी. एसक्यूलाइटच्या फाइलच्या शीर्षभागात ‘ॲप्लिकेशन_आयडी’ नावाचा एक अंक ठेवण्याची जागाच आहे. नव्याने निर्माण झालेल्या रिकाम्या फाइलमध्ये तो शून्य असतो. तेवढ्यावरून ती परकी आहे हे ओळखता येते. जुन्या दप्तरांत रुमालावर चिठ्ठी असे, त्यातलाच हा भाग.

मजकुराच्या परीक्षेसाठी मी एक पद्धत सुचवितो. एक परीक्षावाक्य ठरवावे. त्यात देवनागरी असावी, एक तरी जोडाक्षर असावे, मध्यभागी एक मोडी अक्षर असावे आणि त्यानंतर पुन्हा देवनागरी यावी. हे वाक्य लिहावे. मग ते नुसते वाचू नये. सर्व्हरकडून त्याची वर्णसंख्या आणि त्याचे सोळाच्या पद्धतीतील बाइट मागावेत. ‘क’ या अक्षराचे ‘ई०, ए४, ९५’ असे तीनच बाइट आले पाहिजेत. सात आले तर दुहेरी रूपांतर झाले. वाक्याचा उत्तरार्ध नसला तर संच अपुरा. सर्वत्र प्रश्नचिन्हे आली तर स्तंभच लॅटिन. साक्षीदार तिसरा असावा, एवढेच यातील तत्त्व. ज्या वाटेने सांगितले त्याच वाटेने विचारल्यास दोन्ही वेळा तोच दुभाषी मध्ये असतो.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातील. कडक तपासणीमुळे प्रोग्राम क्षुल्लक कारणाने सुरूच होणार नाही, हा पहिला. हे खरे आहे आणि ते इष्टही आहे. सकाळी अकराला काम अडले तर बाराला सुरू होईल. तीन वर्षे तुटत राहिलेल्या नोंदी तीन वर्षांनी जोडता येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा. एसक्यूलाइट अनोळखी निर्देश सोडून देतो, त्यामुळे नव्या आवृत्तीसाठी लिहिलेले निर्देश जुन्या आवृत्तीतही चालून जातात. सर्वच अनोळखी शब्दांवर अडून बसल्यास ही सोय जाईल. याला उत्तर म्हणून शब्दांचे दोन वर्ग करावे लागतील. ज्यांचा संबंध केवळ वेगाशी आहे, ते न कळल्यास सोडून द्यावेत; ज्यांचा संबंध साठविलेल्या सामग्रीच्या अर्थाशी आहे, ते न कळल्यास थांबावे. ही विभागणी कोणताही डेटाबेस आपल्यासाठी करणार नाही. ती करताना काही शब्द मधोमध पडतात, उदाहरणार्थ उत्तराची वाट किती सेकंद पाहावी हा निर्देश, आणि त्यांविषयी प्रत्येक विभागाने आपापल्या कामाच्या स्वरूपाप्रमाणे निर्णय घ्यावा लागेल.

परीक्षावाक्य कधी चालवावे याविषयी एक व्यवहाराची सूचना राहिली. ते स्थापनेच्या दिवशी एकदा चालवून पुरत नाही. सर्व्हरची आवृत्ती बदलते, क्लायंट बदलतो, सामग्री एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते. आणि जोडणीचा मजकूर अक्षरशः तोच राहूनही त्याचा अर्थ बदलू शकतो, जसा वर्णसंच न सांगणाऱ्या जुन्या निर्देशाचा ५.७ वरून ८.० वर जाताना बदलला. म्हणून ते प्रोग्राम सुरू होताना दर वेळी चालावे, त्याच्यासाठी स्वतंत्र तक्ता असावा, आणि तो तक्ता प्रत्यक्ष संग्रहाच्याच वर्णसंचाने व वर्णक्रमाने निर्माण केलेला असावा. तो वेगळ्या वर्णसंचाने केलेला असला, तर परीक्षा दर वेळी उत्तीर्ण होईल आणि संग्रहाविषयी काहीच सांगणार नाही.